बायजाबाईंनी पाहिलेली खोली

बायजाबाई आमच्या मागच्या घरात राहायच्या. नंदनवन या आमच्या भागात तेव्हा वस्ती विरळ होती, आणि त्यांच्या मागच्या आंगणात आणि आमच्या आंगणात फक्त कमरेएवढी भिंत होती. इतवारीतल्या एका धान्याच्या ठोक दुकानात त्या धान्य साफ करायला जात. सकाळी आठला पायी निघत आणि सायंकाळी पाचच्या सुमारास परत येत. तुरीच्या ढिगात हात घातला की डोळे मिटूनही खडा बोटांना सापडतो, असे त्या सांगत. मी ते एकदा पाहिले आहे. माझ्या पत्नीने, कौशल्याने, डाळ निवडून डब्यात भरली होती. बायजाबाईंनी तिच्याशी बोलता बोलता डब्यात हात घातला आणि तीन खडे काढून ओट्यावर ठेवले. बोलणे मध्ये थांबले नाही.

त्यांचे पती लहानू छप्पन्न साली दीक्षाभूमीवर गेले, तेव्हा मुलगी प्रेमिला त्यांच्या खांद्यावर होती. पुढे चारच वर्षांनी ते वारले. बायजाबाईंना अक्षर येत नव्हते. प्रेमिला मात्र रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि १९७३ च्या मे महिन्यात तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. विषय जवसाच्या तेलाचा होता. पहिल्या वर्षाच्या शेवटी परीक्षा होती, आणि तीत उत्तीर्ण झाली तरच पुढची दोन वर्षे शिष्यवृत्ती चालू राहणार होती. त्या शहराचे नाव मी इथे देत नाही. ते वसतिगृह अजून आहे आणि तिथे अजून मुली राहतात.

मी एका विमा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात आहे. पुढल्या मार्चमध्ये निवृत्त होईन. कागद नीट लावणे हाच माझा उभ्या आयुष्याचा व्यवसाय, त्यामुळे प्रेमिलेच्या तयारीचे काम माझ्याकडे आले. विद्यापीठाने नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका पाठवली होती. काय आणावे, काय आणू नये, स्टेशनवरून वसतिगृहात कसे पोचावे, चादरी कोणत्या वारी बदलतात, पाहुण्यांनी किती वाजेपर्यंत थांबावे, हे सारे तिच्यात होते. मी त्यावरून यादी टंकलिखित केली. लोकरी कोट इतवारीतल्या शिंप्याकडे टाकला. लोखंडी पेटीवर पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत नाव घालून घेतले. लस टोचल्याचा दाखला, फोटोच्या सहा प्रती, सगळे जुलैअखेर तयार झाले.

तेव्हा बायजाबाई म्हणाल्या की घर पाहिल्याशिवाय त्या मुलीला पाठवणार नाहीत.

प्रेमिला हसली. तिला वाटले, माय गंमत करते आहे.

"मी लग्न करून नाई चालली माय. शिकायले चालली."

"तं मंग? शिकशीन तं घरातच राहशीन ना? का झाडावर राहशीन?" बायजाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घर पाह्यल्याबिगर लेक देत नसते भाऊ. मायी आई तीन कोस पायी गेली होती मायं घर पाहाले. दरवाजा पाह्यला, पानी पाह्यलं, शेजार पाह्यला, मंगच हो म्हनली. मी हिले आंधळ्यावानी कशी देऊ?"

त्या खरेच बोलत होत्या. आठ दिवस त्यांनी मुलीशी अबोला धरला, आणि पेटीत ठेवलेली लोणच्याची बरणी काढून परत फडताळात ठेवली. प्रेमिला रडकुंडीला आली. तिला मायची मर्जी मोडून जायचे नव्हते, आणि न जाणे तर शक्यच नव्हते.

उपाय तिलाच सुचला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर खोलीचा नकाशा छापला होता, मापांसकट. दहा फूट लांब, आठ फूट रुंद. एका रविवारी सकाळी तिने मागच्या आंगणात टिनाच्या शेडखाली ती खोली चुन्याच्या रेघांनी आखली. टेपचे दुसरे टोक मी धरले होते. दरवाजा, खिडकी, पलंग, टेबल, खुर्ची, कपाट आणि कोपऱ्यातला हात धुण्याचा नळ. सगळे खऱ्या मापाचे. मग तिने मायला हाक मारली.

बायजाबाई नवे लुगडे नेसून आल्या. दरवाजापाशी चपला काढल्या आणि आत गेल्या. त्यांनी रीतसर घर पाहिले. भिंतीपलीकडे कोण राहते ते विचारले. चूल कुठे आहे ते विचारले. वऱ्हांड्याच्या टोकाला सात मुलींमध्ये एक स्वयंपाकघर आहे हे ऐकून, भांडण होईल, असे म्हणाल्या. खोलीत नळ आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. आमच्याकडे तेव्हा चौकातल्या नळावर पहाटे रांग लागायची. नळाच्या जागी त्यांनी दोनदा हात लावून पाहिला.

शेवटी त्या खिडकीखाली जमिनीवर बसल्या आणि तळहात जमिनीवर ठेवून राहिल्या. धान्यात हात घालून त्या बसत, तशाच.

"थंड हाय," एवढेच त्या म्हणाल्या. मग उठून, दरवाजातूनच बाहेर येऊन, लोणच्याची बरणी परत पेटीत ठेवली.

सप्टेंबरात प्रेमिला जाईपर्यंतचे सारे दिवस त्या खोलीतच गेले. ती पलंगाच्या जागी चटई टाकून वाचत बसायची. बायजाबाई दरवाजाशी येऊन तिची उजळणी घ्यायच्या. स्टेशनातून निघालीस, मग? मग उजव्या हाताला, चर्चपुढून, टेकडी चढून. मग? मग तीन जिने. मग? मग डाव्या हाताचा चौथा दरवाजा. बायजाबाईंना तो सारा रस्ता मुलीपेक्षा आधी पाठ झाला. कौशल्या मला म्हणायची की बायजाबाई पाहुणी म्हणून तिथे जाऊन राहिल्या तरी चुकणार नाहीत. आम्ही दोघेही त्यावर हसायचो.

प्रेमिला गेली. त्या रेघा पुसायला हव्या होत्या. पुसल्या नाहीत, आणि पुसा असे सांगणे मलाही सुचले नाही. दर शुक्रवारी बायजाबाई आंगण सारवायच्या तेव्हा खोलीही सारवायच्या, आणि वाळली की चुना कालवून रेघा पुन्हा जशाच्या तशा ओढायच्या. कामावरून आल्या की हातपाय धुऊन त्या दरवाजातून आत जात आणि खिडकीखाली बसत. दिवेलागण झाली की उठत.

मुलीची पत्रे मी वाचून दाखवायचो आणि उत्तरे लिहून द्यायचो. एकदा मी पत्र घेऊन घाईत सरळ खोलीत जाऊ लागलो.

"तिथून नका भाऊ," बायजाबाई म्हणाल्या. "तिथं भिंत हाय."

मी थांबलो आणि वळसा घालून दरवाजातून गेलो. चपलाही काढल्या. परत जाताना मला स्वतःचे हसू आले. पण पुढच्या वेळी मी न सांगताच दरवाजातून गेलो.

आता तारखांचे सांगतो. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक पत्राची, आणि काही वेगळे घडले तर त्याचीही, तारीख वहीत टिपून ठेवायची मला सवय आहे, आणि ती वही माझ्यापुढे आहे.

१८ नोव्हेंबर १९७३, रविवार. सायंकाळी मी भिंतीवरून पाहिले तर बायजाबाई ओल्या फडक्याने टेबल पुसत होत्या, म्हणजे टेबलाच्या रेघा. मी कारण विचारले. टेबल आता तिथे नाही, पोरीने ते खिडकीपाशी नेले, असे त्या म्हणाल्या, आणि खिडकीपाशी नव्या रेघा ओढल्या. ३० नोव्हेंबरला प्रेमिलेचे पत्र आले. पत्रावर तारीख १८ होती. 'आज सुटी होती म्हणून टेबल खिडकीपाशी सरकवले. इथे उजेड फार थोडा असतो.' मी मनाशी म्हणालो, आईला मुलीची सवय ठाऊक असतेच. नंदनवनातही ती उजेडाकडे तोंड करूनच बसायची.

१६ जानेवारी १९७४, बुधवार. बायजाबाई कौशल्याला म्हणाल्या, "आज थे खोलीतच हाय. कॉलेजात नाई गेली. अंग तापून राह्यलं तिचं." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. २९ तारखेला पत्र आले. बुधवारपासून शुक्रवारपर्यंत प्रेमिला तापाने अंथरुणात होती. आईला कळवू नका, असे तिने खाली लिहिले होते. मी तेही वाचून दाखवत असताना बायजाबाई मान हलवत राहिल्या. लहान मुलाने केलेली लपवाछपवी ऐकावी तसे त्यांनी ते ऐकले.

मी कौशल्याशीही त्यावर फारसे बोललो नाही.

मार्चच्या अखेरीस ऊन चढले. एप्रिलात आंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. शेडखालीसुद्धा टिनाची धग उतरायची. एका सायंकाळी पत्राचे उत्तर लिहून घ्यायला मी चपला काढून आत गेलो, आणि पायाखालची जमीन गार लागली. माठाच्या बुडाशी हात लावावा तशी. मला वाटले नुकतेच सारवले असेल. पण आंगण सगळेच त्याच दिवशी सारवलेले होते. मी पत्र लिहिता लिहिता एक पाय रेघेबाहेर टाकून पाहिला. तो पोळला. आत घेतला. तो गार पडला. बायजाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी पत्र पुरे केले.

मंगळवारी, २३ एप्रिलला, प्रेमिलेचे एक पत्र माझ्या कार्यालयाच्या पत्त्यावर आले. तिने पूर्वी तसे कधी केले नव्हते. मी ते जेवणाच्या सुटीत उघडले.

तिने लिहिले होते की नोव्हेंबरपासून ती प्रयोगशाळेतून परतते तेव्हा खोली तिला रिकामी वाटत नाही. आधी वाटले, नवी जागा आहे म्हणून असेल. पण पलंगावरची चादर नीट घालून गेली तरी परत आल्यावर काठाशी कोणी टेकून बसल्यासारखी दबलेली असते. खिडकीखाली झाडताना तिला दोनदा तुरीची फोलपटे सापडली. तिने तूर नेलेली नव्हती, डाळ नेली होती. कधी कधी सारवणाचा वास येतो. आणि गेल्या आठवड्यात, झाडायला येणाऱ्या बाईने तिला विचारले की दुपारी तुझ्या खोलीत खाली जमिनीवर बसलेली ती म्हातारी बाई कोण. अनवाणी होती, म्हणाली.

'काका, मी आता त्या खोलीत झोपत नाही. शेजारच्या मुलीच्या खोलीत खाली अंथरूण टाकते. वाचायला बसले की पाठीमागे कोणी बसल्यासारखे वाटते आणि एक पानही डोक्यात शिरत नाही. आमच्या प्रोफेसरांनी बोलावून सांगितले की असेच चालले तर मेच्या परीक्षेत मी नापास होईन आणि मग मला परत यावे लागेल. माय अजून त्या खोलीत बसते का? बसत असेल तर काहीही सांगून त्या रेघा पुसायला लावा. का ते मात्र तिला सांगू नका.'

मी वेळांचा हिशेब मांडला. आमच्या सायंकाळी साडेपाचला तिथे थंडीत दुपारचे बारा वाजतात आणि उन्हाळ्यात एक. बायजाबाई खोलीत बसत त्या वेळी प्रेमिला प्रयोगशाळेत असे. फक्त रविवारी दोघी एका वेळी तिथे असत.

चार दिवस मी ते पत्र खिशात घेऊन हिंडलो. काहीही सांगा, असे तिने लिहिले होते. काय सांगणार? शहर सुधार प्रन्यासाच्या कचेरीतले लोक जागा पाहायला येणार आहेत, चुन्याने वाळवी लागते, असे एकदोन बहाणे मी तयारही केले. पण बायजाबाईंसाठी आलेल्या पत्रातला शब्द मी कधी गाळला नव्हता, आणि खोटे बोललो तर त्यांना खडा लगेच लागेल हेही मला ठाऊक होते. दुसरीकडे परीक्षेला महिनाच उरला होता.

रविवारी, २८ एप्रिलला, सायंकाळी पाच वाजता मी त्यांच्याकडे गेलो. त्या आत बसायच्या तयारीत होत्या. मी त्यांना शेडबाहेर ओट्यावर बसायला लावले आणि पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. 'तिला सांगू नका' हेही वाचले.

मग त्यांनी विचारले, "मायं भेव वाटलं तिले?"

मी म्हणालो की ती त्यांना भीत नसावी, तिला नेमके काय आहे ते कळत नसावे.

"नाई भाऊ. तिले समजलं हाय. म्हनून तं तुमच्या हापिसात लिवलं." त्यांनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "मी तं तिच्या कशाले हात नाई लावला. नुसती बसली. थकून येते पोट्टी, तं घरात कोनी असावं म्हनून बसली."

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"मायी आई मायं घर पाहाले आली, तं त्याच दिवशी परतली," त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरी बसून राहत नसते. थे मायं चुकलं." आणि थोड्या वेळाने, खूप हळू, "पन मी निघून आली तं तिले पाहीन कोन, भाऊ?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. त्या उठल्या. बादलीत शेण कालवले. फडके घेतले. दरवाजातून आत गेल्या आणि समोरच्या भिंतीपासून, खिडकीकडून, सारवायला बसल्या. सारवणारी बाई मागे सरकत सरकत दाराशी येते, तशा त्या मागे सरकत होत्या. आधी खिडकी गेली. मग टेबल. मग कोपऱ्यातला नळ. त्या नळापाशी किंचित थांबल्या. मी ओट्यावर बसून होतो. ऊन अजून होते आणि सगळे अगदी स्वच्छ दिसत होते.

पलंगापाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि पलंगाच्या काठाच्या जागी, मोकळ्या हवेत, कोणाच्या तरी तोंडाकडे पाहावे तसे पाहिले.

"पाय उचल वं बाई," त्या म्हणाल्या.

घरात सारवणे चालू असताना बसलेल्या माणसाला आपण नेहमी सांगतो, अगदी तशाच आवाजात. मग त्या थांबल्या. माणसाला पाय वर घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ थांबल्या. नंतर त्यांनी त्या जागेवरून फडके फिरवले आणि पुढच्या जागेकडे वळल्या. शेवटी दरवाजा पुसला आणि बाहेर आल्या. माझ्या घड्याळात साडेपाच वाजून गेले होते.

त्यांनी हात धुतले आणि मला लिहायला सांगितले. मजकूर एवढाच होता की घर पाहिले, घर चांगले आहे, पाणी घरात आहे, आता मी येत नाही, तू मन लावून वाच.

ते पत्र मी सोमवारी टाकले. पण त्याच्या उत्तराआधीच, ९ मे रोजी, प्रेमिलेचे पत्र आले. वाटेत दोन्ही पत्रे एकमेकांना ओलांडून गेली होती. तिच्या पत्रावर २८ एप्रिलची तारीख होती. पुस्तके न्यायला ती दुपारी आपल्या खोलीत गेली होती आणि पलंगाच्या काठावर बसून वही चाळत होती. 'साधारण एकच्या सुमाराला मी एकदम दोन्ही पाय वर घेतले,' तिने लिहिले होते. 'का घेतले ते मला सांगता येत नाही. तशीच थोडा वेळ बसले. मग पाय खाली टेकले, तर खोली रिकामी होती, काका. गेल्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा दार उघडले होते तशी. मी तिथेच झोपले ते संध्याकाळपर्यंत.'

हे पत्रही मी पुरे वाचून दाखवले. बायजाबाईंनी ऐकून घेतले आणि त्या आत चहा ठेवायला गेल्या. आंगणात शेडखाली आता सगळीकडे सारखीच धग होती. मी जाणूनबुजून पाय ठेवून पाहिला.

प्रेमिला परीक्षेत पास झाली. निकालाचे पत्र जूनच्या शेवटच्या आठवड्यात आले. कौशल्याने साखर वाटली आणि मी नंबर, विषय, पुढची दोन वर्षे पक्की झाल्याचे, सगळे दोनदा वाचले. बायजाबाई ओट्यावर माझ्यासमोर बसून ऐकत होत्या. पत्र घडी घालून मी त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी उलटे धरले, मग सुलटे, आणि अक्षरांवरून बोटे फिरवून पाहिली. धान्यावरून फिरवत तशी, पण या वेळी बोटांना काही लागत नव्हते.

"भाऊ," त्यांनी विचारले, "बरी हाय ना थे?"

मी म्हणालो, बरी आहे, तसे लिहिले आहे. त्यांनी मान हलवली. हा प्रश्न त्या पूर्वी कधी विचारत नसत. त्यानंतर मात्र प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारू लागल्या.